उघाडीचं दार

"घरात आणखी कुणाला असं झालं होतं का?" डॉक्टर मृणालींनी विचारलं आणि कागदावर पेन टेकवून त्या थांबल्या.

खाटेवर ऋतुजा बसली होती. सतरा वर्षांची पोर, पण त्या दिवशी तिचं वय कुणाला ओळखता आलं नसतं. वरचा ओठ नाकाला भिडला होता आणि डावा डोळा सुजून मिटला होता. आदल्या दिवशी सकाळी तिची किडलेली दाढ काढली, संध्याकाळी ओठ जड वाटायला लागला, आणि सकाळी आरशात बघून ती रडायलाच लागली. तेव्हा तिचा बाप विशाल तिला आपल्याच रिक्षात बसवून रोह्याच्या या दवाखान्यात घेऊन आला. डॉक्टरांच्या प्रश्नावर त्याने जरा आठवून बघितलं आणि मान हलवली. त्याच्या माहितीत तरी असं कुणी नव्हतं. मग त्याने दाराला टेकून उभ्या असलेल्या आपल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"बाबा, तुमच्या आठवनीत कोन हाय का?"

"नाय," पुंडलिक म्हणाला. "आपल्यात कोनाला नाय."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

पुंडलिकला सदुसष्टावं वर्ष लागलं होतं, आणि एवढ्या आयुष्यात तो ठरवून खोटं बोलला ते हे एकदाच. लोक खोटं बोलून घरं बांधतात, निवडणुका जिंकतात, पोरींची लग्नं जमवतात. याला आयुष्यात एकदा खोटं बोलायचं सुचलं, तेही नातीच्या खाटेशी. बोलून झाल्यावर त्याने खिशातला रुमाल काढून उगाच तोंड पुसलं.

डॉक्टर मृणाली वयाने लहान होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी विशालला समजावून सांगितलं, की या सुजेला अँजिओएडेमा म्हणतात. कातडीच्या खालच्या थरात पाणी उतरतं आणि ओठ, पापण्या, जीभ, कधी हातपाय फुगतात. बहुतेक वेळा मागे कसली तरी अ‍ॅलर्जी असते, खाण्यातली नाहीतर औषधातली. म्हणून त्यांनी अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि सध्या कोळंबी, अंडी, शेंगदाणे बंद करायला सांगितलं. पण त्यांचं स्वतःचं समाधान झालं नव्हतं. ऋतुजाचा हात उलटसुलट करून बघत त्या म्हणाल्या, "हिला खाज नाही, अंगावर गांधी नाहीत. अ‍ॅलर्जीत सहसा त्या असतात. म्हणून घरातलं विचारलं. मागाहून काही आठवलं तरी सांगा." त्या पुंडलिककडे बघून बोलल्या नव्हत्या, पण त्याला तसं वाटलं.

सूज इंजेक्शनाला दबली नाही आणि गोळ्यांनाही दबली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या मनाला आलं तेव्हा ती उतरली. विशालच्या बायकोने, वैशालीने, सुकटीची बरणी आणि सुक्या कोळंबीचा, सोड्यांचा डबा शेजारणीला देऊन टाकला, आणि त्या घरात दीड महिना वरणभात आणि दुधीची भाजी चालली. पुंडलिक मुकाट्याने जेवायचा. कोळंबीचा यात काही दोष नाही हे त्याला माहीत होतं. पोरीला कोळंबीने धरलं नव्हतं, भालखारच्या देवीने धरलं होतं, आणि तेही आपल्यापायी, असं तो समजून चालला होता.

भालखार हे पेण तालुक्यातलं खाडीकाठचं गाव. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला भातशेती, आणि शेती नि खाडी यांच्या मध्ये मातीचा लांबलचक बांध. बांधाला एका जागी दोन दगडी खांबांमध्ये लाकडी फळ्यांचं दार होतं. त्याला उघाडी म्हणायचे. ओहोटीला फळ्या काढून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती लागायच्या आत फळ्या परत बसवायच्या, हे काम गावाने पुंडलिककडे दिलं होतं. त्याच्या आधी ते त्याच्या बापाकडे होतं. पुंडलिक तेव्हा बत्तिशीचा होता. घरात बायको हौसा आणि सहा वर्षांचा विशाल. घड्याळ न बघता त्याला भरतीची वेळ कळायची. सगळ्या गावाचं भात आपल्या हातावर आहे याचा त्याला अभिमान होता आणि तो अभिमान तो लपवत नसे, हेही खरं.

त्या साली पिठोरी अमावस्येच्या उधाणाला खाडी शेतात शिरली. उजाडलं तेव्हा उघाडीपाशी बांध फुटला होता, फळ्या वाहून गेल्या होत्या आणि पोटरीला आलेलं भात खाऱ्या पाण्याखाली होतं. एकदा खारं पाणी बसलं की जमीन दोन-तीन वर्षं काही देत नाही. गावाला कुणाला तरी धरायला हवं होतं. खाडीला धरता येत नाही, पुंडलिक हाताशी होता.

गावदेवीच्या देवळासमोर सगळे जमले. मी फळ्या बसवल्या होत्या, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. त्याचं सांगून व्हायच्या आत काळुरामने उलट्या हाताने त्याच्या तोंडात मारली. काळुराम भावकीतलाच, पण सगळ्यात जास्त शेत त्याचं गेलं होतं. ओठ दातावर आपटून फुटला. पुंडलिकने रक्त पुसलं आणि तो स्वतःच म्हणाला, मीठ द्या.

मिठागरांच्या त्या गावात मिठाची शपथ ही शेवटची शपथ. देवीच्या पायाशी ठेवलेलं चिमूटभर मीठ जिभेवर घ्यायचं, आपलं म्हणणं एकदा सांगायचं आणि मीठ गिळायचं. मग तीन दिवस गाव बघत राहतं. तीन दिवस जीभ धड राहिली तर माणूस खरा, आणि तो विषय पुन्हा कुणी काढायचा नाही. तोंडाला काही झालं तर खोटा. पुंडलिकने मीठ घेतलं, "मी दार लावलं व्हतं" असं सांगितलं आणि घरी जाऊन शांत झोपला. देवीवर त्याचा पुरा भरवसा होता.

दुसऱ्या दिवशी ओठ सुजला. मारामुळे असेल म्हणून हौसाने हळद लावली. दुपारपर्यंत दोन्ही गाल आले आणि मग जीभ आली. ती तोंडात मावेना, थुंकी गिळवेना, शब्द फुटेना. सगळं गाव दाराशी येऊन बघून गेलं. बायका पोरांना कडेवर घेऊन आल्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. काळुराम उंबऱ्याबाहेर उभा राहिला, "देवीनं सांगितलं" एवढं म्हणाला आणि निघून गेला. चौथ्या दिवशी पुंडलिकला बोलता यायला लागलं, पण तोवर त्याच्याशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. हौसा विहिरीवर गेली की बाकीच्या बायका आपापले हंडे उचलून बाजूला व्हायच्या. आठव्या दिवशी तिने भांडी गोणपाटात बांधली, या गडबडीत माहेरी धाडलेल्या विशालला घेतलं आणि तिघं रोह्याला आली.

हौसाने नवऱ्याला एकदाही विचारलं नाही, दार लावलं होतं का म्हणून. तेव्हाही नाही आणि पुढे एकोणतीस वर्षं रोह्यात संसार केला तेव्हाही नाही. तिच्या न विचारण्यात विश्वास होता की खरं ऐकायची भीती होती, हे पुंडलिकला कधी कळलं नाही. सहा वर्षांपूर्वी ती गेली आणि विचारायचं राहिलंच.

रोह्यात त्याला धाटावच्या एका कंपनीत वॉचमनची नोकरी मिळाली. दारापायी गाव सुटलेल्या माणसाच्या नशिबी परत दारच आलं. शिफ्ट संपवताना तो मागच्या गेटला कुलूप लावायचा आणि तीनदा ओढून बघायचा. कधी अर्ध्या वाटेवरून परत यायचा आणि पुन्हा ओढायचा. पुढच्या शिफ्टचे लोक म्हणायचे, "वडा, वडा, कुलूप अजून जित्तं हाय." तो हसायचा आणि ओढायचा. घराच्या दाराचंही तेच. बाप मागे फिरला की लहानगा विशाल शाळेला उशीर होतो म्हणून रस्त्यावर पाय आपटत उभा राहायचा, आणि मोठेपणी रिक्षाचा हॉर्न वाजवत बसायचा.

हे खूळ नव्हतं. पहिल्या वर्षी पुंडलिकची खात्री होती की फळ्या आपण बसवल्या होत्या. पाचव्या वर्षी तेवढी खात्री राहिली नाही. दहाव्या वर्षी, देवी कशाला खोटं सांगेल, असं त्याला वाटायला लागलं. शेवटची फळी बसवली होती ना? की अंधारून आलं म्हणून तशीच टेकवून आपण निघालो? डोळे मिटून तो फळ्या एकेक करून आठवायचा आणि दर वेळी शेवटच्या फळीपाशी त्याचं मन अडायचं. विसाव्या वर्षापर्यंत त्याचा आपल्या हातांवरचा भरवसा गेला होता. गावाने त्याचं बाकी काही घेतलं नाही, पण हे घेतलं, आणि ते कुणी भरून देऊ शकलं नसतं.

तोंड पुढेही चार-पाचदा सुजलं. तो रजा टाकायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. शेजारणींनी विचारलं, विशालने विचारलं, तर हौसा दाढेला गळू झालंय म्हणायची. विशालचं पोट लहानपणापासून दुखायचं. दोन दिवस पोरगा अंथरुणात तळमळायचा आणि तिसऱ्या दिवशी उठून खेळायला जायचा. एकोणिसाव्या वर्षी अपेंडिक्स म्हणून त्याचं पोट उघडलं, तर अपेंडिक्स चांगलंच निघालं. बापाचं तोंड आणि लेकाचं पोट यांचा एकमेकांशी संबंध असेल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. ऋतुजा कॉलेजच्या कबड्डी संघात होती. सकाळच्या सरावात एका पोरीचं कोपर तिच्या हनुवटीला लागलं. बाराच्या सुमाराला तिचा आवाज घोगरा झाला, एक वाजता जीभ जड झाली. विशालने रिक्षा अशी हाणली की रस्त्यातले लोक शिव्या देत बाजूला झाले.

डॉक्टर मृणालींनी एकामागून एक इंजेक्शनं दिली. पाऊण तास गेला तरी फरक नव्हता. त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावून घेतलं आणि विशालला बाहेर घेऊन सांगितलं, की सूज घशात उतरते आहे, श्वास अडला तर गळ्याला छेद देऊन नळी घालावी लागेल, त्यासाठी सही हवी. विशालने सही केली. कसली केली ते त्याला कळलंही नसावं.

पुंडलिक दाराच्या काचेतून आत बघत होता. पोर पुढे वाकून बसली होती. हातात स्टीलचं भांडं होतं आणि तोंडातून लाळ गळत होती, कारण ती तिला गिळता येत नव्हती. तिने काचेकडे बघितलं, आजाला बघितलं आणि काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. नुसता आवाज आला. भालखारच्या घरात पुंडलिक असाच बसला होता आणि असाच आवाज काढत होता. आपण तेव्हा काय सांगत होतो ते त्याला पक्कं आठवत होतं, आणि ते ऐकायला कुणी थांबलं नव्हतं हेही आठवत होतं. देवी पोरीचा जीव घेणार असेल तर आता लाज कुणासाठी राखायची, असं त्याच्या मनात आलं. लगबगीने निघालेल्या डॉक्टरांच्या तो आडवा गेला.

"बाई, मी मागं खोटं बोल्लो. मला झालं व्हतं हे. जीभ तोंडात मावत नव्हती. माज्या बापालाबी येकदा झालं. तो त्यातच गेला, लोक म्हनाले घशात काटा अडाकला, मीबी तेच धरलं."

विशाल सहीचं पेन हातात धरून बापाकडे वळला.

डॉक्टरांनी रागावण्यात वेळ घालवला नाही. खाज यायची का, त्यांनी विचारलं. नाही यायची. किती दिवसांनी उतरायची? तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आपोआप. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाचं पोट असं अधूनमधून विनाकारण दुखतं का.

"माजं दुखतं," विशाल म्हणाला.

त्यानंतर फोनवर फोन झाले. ही अ‍ॅलर्जी नसावी, रक्तात एक प्रथिन कमी असण्याचा पिढीजात आजार असावा, म्हणूनच अ‍ॅलर्जीची औषधं लागू पडत नाहीत, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. त्यावरचं नेमकं औषध जवळपास मिळण्यासारखं नव्हतं. पण रक्तातला जो पिवळा, पातळ भाग रक्तपेढीत साठवून ठेवतात, तो चढवला तर त्यातून ते प्रथिन पोरीला मिळेल. अलिबागहून गाडीने पिशव्या येईपर्यंत भूल देणारे डॉक्टर ऋतुजाच्या उशाशी तयारीत बसून राहिले. संध्याकाळी सूज वाढायची थांबली. गळा कापावा लागला नाही. वैशाली खाली फरशीवर बसली आणि बराच वेळ तिथून उठली नाही.

तिघांचं रक्त मुंबईला तपासायला गेलं आणि तीन आठवड्यांनी कागद आले. तिघांच्याही रक्तात ते प्रथिन कमी होतं. आजोबांकडून बाबांकडे आलं, बाबांकडून हिच्याकडे, यात कुणाची काही चूक नाही, असं डॉक्टर मृणालींनी तिघांना समोर बसवून सांगितलं. रोजच्या गोळ्या कोणत्या, दात काढायच्या आधी काय करायचं, कोणती चिठ्ठी कायम जवळ बाळगायची, तेही सांगितलं. मग म्हणाल्या, सूज कशानेही सुरू होते. दात काढला, मार लागला, मनावर ताण आला, कधी तर काही कारणच नसतं.

पुंडलिकने इतका वेळ मान खाली घातली होती. ती त्याने वर केली.

"मार म्हंजे केवडा?"

"तोंडाला लागलं तर थोडाही पुरतो, आजोबा. हिला नुसतं कोपर लागलं ना."

"येक चापट?"

"पुरेल."

"आन मीठ खाल्ल्यानं येते?"

डॉक्टरांना हसू आलं. "नाही हो. मिठाने नाही येत."

बाकीचं बोलणं पुंडलिकच्या कानापर्यंत आलं नाही. देवी काही बोललीच नव्हती. बोलला होता तो काळुरामचा हात. ज्याने मारलं त्याच्याच मारामुळे तोंड सुजलं, आणि तीच सूज पुरावा म्हणून सगळ्या गावाने बघून घेतली. पस्तीस वर्षं तो ज्या देवीला घाबरून राहिला, तिचा यात काही संबंधच नव्हता. त्याला हायसं वाटायला हवं होतं. त्याला नुसती चीड आली, आणि ती कुणावर काढावी हेही समजेना.

घरी आल्यावर त्याने विशालला सगळं सांगितलं. गाव नोकरीसाठी सोडलं असंच विशाल इतकी वर्षं समजत होता. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि शर्ट वर करून पोटावरचा व्रण दाखवला.

"हे फुकट कापलं माजं. ते जाऊ द्या. पन दाढ काढली तवा तुमी तोंड उघडलं आसतं तर ही पोरगी त्या खाटेवर गेली नसती. त्या गावाला लाजून तुमी हिचा जीव टांगनीला लावला, बाबा."

गावाने खऱ्या माणसाला खोटा ठरवला, आणि त्या धास्तीने तो एक दिवस खरोखरच खोटं बोलला. त्या दिवसापासून विशालने बापाशी बोलणं टाकलं. ताट समोर यायचं, औषधं वेळेवर यायची, पण बोलणं नव्हतं. भालखारमध्ये पुंडलिकने हे सगळं एकदा भोगलं होतं, त्यामुळे नवं असं काही वाटायला नको होतं. तरी ते जास्त लागलं.

मग एका सकाळी त्याने रक्ताच्या रिपोर्टची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि नागोठण्यावरून पेणला जाणारी एसटी धरली. गावाला कागद दाखवायचा, डॉक्टरची सही दाखवायची, आणि काळुरामच्या तोंडून एकदा ऐकायचं की तू खोटा नव्हतास. तेवढं झालं की परत येऊन विशालसमोर ताठ बसता येईल असं त्याला वाटत होतं. वाटभर तो काय बोलायचं ते मनात जुळवत होता.

पेणहून मिनिडोर रिक्षाने तो भालखारला उतरला. गावात स्लॅबची घरं झाली होती आणि देवळाला चकचकीत टाइल्स लागल्या होत्या. काळुराम ऐंशीच्या घरातला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यामुळे काळा चष्मा लावून ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. नाव सांगितल्यावर त्याने क्षणभर मान तिरकी केली.

"उघाडीवाला पुंडलिक? अरं बस, बस."

त्याला खरंच आनंद झाला होता. पुंडलिक शिव्या ऐकायच्या तयारीने आला होता, आनंदाच्या नव्हे. काळुरामने सुनेला चहा ठेवायला सांगितलं आणि हौसाची चौकशी केली. ती गेल्याचं ऐकून तो हळहळला. मग शेतीचं सांगत बसला. बांध पुन्हा पुन्हा फुटला, कुणी धड बांधला नाही, पोरं कंपन्यांमध्ये लागली, आता शेतात सगळी तिवरांची झाडी माजली आहे.

चहा आला तेव्हा पुंडलिकने जुळवलेलं बोलायला सुरुवात केली. माझं तोंड सुजलं होतं तो आजार होता, त्याचा कागद आहे, तेव्हा ती सूज धरून मी दार उघडं ठेवलं असं जे तुम्ही समजलात... काळुरामने हात हलवून त्याला तिथेच थांबवलं.

"दाराचं म्हनतोस? दार बंदच व्हतं रं. खेकड्यांनी बांध पोखरला व्हता. दोन वर्सांनी तितंच परत फुटला, तवा सगल्यांनी बघितलं. बिलंच बिलं."

पुंडलिकचा हात पिशवीतल्या कागदावर होता, तो तिथेच राहिला.

"मंग मला कोनी सांगितलं नाय."

"तू रोह्याला. तितवर कोन येतंय?" काळुरामने बशी ओठाला लावली आणि चहा संपवून खाली ठेवली. "सांगायचं राहून गेलं बघ."

पुंडलिकने पिशवीतून हात काढून घेतला. मग त्याने विचारलं, तू माझ्या तोंडात मारली होतीस, ते तरी ध्यानात आहे का. काळुरामने मनापासून आठवून बघितलं. त्याला नव्हतं आठवत. मारलं असेल, म्हणाला, तेव्हा सगळेच चिडलेले होते. आणि आता जेवूनच जा, नातवाने खाडीतून ताजं जिताडं धरून आणलंय. पुंडलिक नको म्हणाला आणि उठला. कागद पिशवीतून बाहेर आलाच नाही. जे सगळ्या गावाला तेहतीस वर्षं माहीत होतं, ते सिद्ध करायला तो मुंबईचा रिपोर्ट घेऊन आला होता.

गाडीला वेळ होता म्हणून तो बांधाकडे चालत गेला. बांध कुठे होता, कुठे नव्हता. उघाडीचे दोन दगडी खांब मात्र तिवरांच्या मुळांमध्ये उभे होते. ओहोटी होती. चपला हातात घेऊन तो चिखलातून खांबापाशी गेला आणि ज्या खाचेत फळ्या बसायच्या त्या खाचेत त्याने बोटं घातली. आत शिंपले चिकटले होते. बोटं वरपासून खाली नेताना तो शेवटच्या फळीच्या जागी आला, आणि जे डोळे मिटून कधी आठवलं नव्हतं ते हाताला आठवलं. ती फळी कोपऱ्यात चिरलेली होती. फटीत तो दर वेळी पेंढा दाबायचा. त्या संध्याकाळी पेंढा सापडला नाही म्हणून त्याने खांद्यावरचा पंचा टरकावून अर्धा फटीत कोंबला होता आणि उरलेला घेऊन घरी गेला होता. नवा पंचा फाडला म्हणून हौसा किती बोलली होती. फळीत घातला, असं त्याने तिला सांगितलं होतं.

म्हणजे तिला माहीत होतं. बांध फुटायच्या आधीपासून माहीत होतं, म्हणून तिने कधी विचारलं नाही. एकोणतीस वर्षं तो तिच्या गप्प बसण्याला भीत राहिला, तिच्या डोळ्याला डोळा द्यायचं टाळत राहिला, आणि बिचारी समजत राहिली की आपण विचारत नाही हेच त्याला पुरेसं आहे. पुंडलिक खांबाला धरून तिथे चिखलात उभा राहिला आणि मोठ्याने रडला. जवळपास कुणी नव्हतं. पाणी घोट्याला लागलं तेव्हा भरती सुरू झाल्याचं त्याला कळलं, आणि तो मागे वळला.

घरी त्याने काही सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

चार दिवसांनी ऋतुजाला तपासणीसाठी दवाखान्यात न्यायचं होतं. डॉक्टरांनी आजोबांनाही बोलावलं होतं. विशालने रिक्षा चालू करून दारात लावली, पोर मागे बसली आणि वैशाली तिच्या शेजारी. शेवटी पुंडलिक बाहेर आला. त्याने दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. आता त्याला सगळं माहीत होतं. फळ्या लावल्या होत्या, पंचासुद्धा आठवत होता. तो पायऱ्या उतरला, रिक्षाच्या दांडीला हात घातला आणि थांबला.

मग तो मागे फिरला.

विशालचा हात सवयीने हॉर्नवर गेला होता. तो त्याने काढून घेतला आणि रिक्षा बंद केली. आवाज थांबल्यावर कुलपाचा खडखडाट रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. पुंडलिकने कुलूप एकदा ओढलं, दुसऱ्यांदा ओढलं, तिसऱ्यांदा ओढलं.

ते लागलेलंच होतं.